शुक्रवारचा बेत

निझव्यात गुरुवारी रात्री साडेदहाला
अंगावरचा स्पिरिटचा वास तसाच ठेवून
आम्ही तिघी फरशीवर नकाशा पसरून बसलो.
नकाशा म्हणजे लॅबमधल्या सलीमनं
एका रद्द रिपोर्टाच्या पाठीवर ओढलेल्या चार रेघा:
बिर्कत अल मौझ, चौकी, घाट,
आणि वर अल अक्र, अल ऐन, शिरैजा,
कड्याला पोळी लागावीत तशी तीन गावं.

चौकीवर छोटी गाडी सोडत नाहीत.
शीबाची गाडी बाद.
सलीम म्हणाला, माझी न्या, टाकी भरून परत द्या,
उतरताना ब्रेकवर पाय दाबून बसू नका
आणि पाचला निघा. उशीर केलात तर
किल्ल्याशी बकऱ्यांचा बाजार,
मग तुम्ही आणि शंभर बोकड एकाच रस्त्यावर.

त्याची आजी म्हणे गाढवावर डाळिंबं लादून
रातोरात हा डोंगर उतरून बाजाराला यायची.
आणि तू? मी विचारलं.
मी? चालत? कशाला?

पाणी मारिसेलच्या हिशेबानं दोन लिटर.
मी चार म्हटलं, माणशी.
ज्यांची शीर सापडता सापडत नाही असे लोक
जूनमध्ये याच डोंगरावरून येतात आमच्याकडे.
आता एप्रिल आहे, वर गुलाब खुडतायत,
तरी चारच.
निम्म्या बाटल्या फ्रीजरमध्ये आडव्या घातल्या
मासळीच्या पिशवीला टेकवून.

दशम्या मी करणार, कणीक दुधात भिजवून.
टोप्या शीबानं आणल्यात, तीन, एकाच रंगाच्या.
माझी घालून पाहिली आरशात
आणि हसूच आलं.

आमच्या अकोल्याकडं डोंगर चढायला काम लागायचं.
आई हिरडा वेचायला जायची, नाहीतर
हरवलेल्या शेळीमागं.
नुसतं वर जाऊन खाली येणं
हे फक्त रविवारची माणसं करायची,
टोपीवाली, पाठीवर फुगलेल्या पिशव्या,
पुण्याहून रात्रीच्या गाडीनं आलेली.
दहा रुपयांत मी त्यांच्यापुढं चालायचे.
पायात काही नाही.
ती दर वळणाला विचारायची, ए मुली, अजून किती?
मी म्हणायचे, हे काय, आलंच.
अर्धा डोंगर बाकी असायचा.
नाव एकानंही विचारलं नाही.
एका बाईनं मात्र आपला रुमाल भिजवून
माझ्या डोक्यावर ठेवला होता.
तो मी परत दिला नाही.

आमचं शिखर या पठाराच्या
कमरेलाही पुरायचं नाही, हे मी
नकाशा वाचताना कुणाला बोलले नाही.

उद्या तिथं पायऱ्यापायऱ्यांच्या वाफ्यात
फलजच्या पाटाशी एखादी पोर उभी असेल.
तीन सारख्या टोप्या वर येताना बघेल
आणि तिला काय वाटेल ते मला तोंडपाठ आहे.
मारिसेल खर्च लिहीत होती, पेट्रोल, खजूर, बँडेज.
तिच्या हातून पेन घेऊन मी खाली खरडलं
'नाव विचारायचं'.
कुणाचं, ती म्हणाली.
बघू, म्हटलं.

खुणा कशा ओळखायच्या? दगडावर रंगाचे पट्टे,
पिवळा, पांढरा, लाल.
दिसले नाहीत तर मागं फिरायचं,
पुढं जाऊन शोधायचे नाहीत. हे माझं,
सलीमनं सांगितलेलं नाही.
दहापर्यंत परतीला लागायचं.
शनिवारी सकाळपाळी आहे तिघींची,
गुडघे धरून वॉर्डात फिरता येत नाही.

बारा वाजून गेले.
शीबा उशीत तोंड खुपसून झोपेतच विचारते,
तिसरं गाव पहिल्यापासून किती लांब गं?

मी ते गाव पाहिलेलं नाही.
रेघ बोटभर आहे, आणि त्यात सलीम
कधी चालतच गेलेला नाही.

हे काय, म्हटलं, आलंच.