घासण्याची दिशा

मिस्किटा अंकलनी पहिल्या दिवशी शिकवलं ते एवढंच:
काचेवर मखमल एकाच दिशेने ओढायची,
परत येताना हात उचलायचा.
"मागंपुढं केलंस तर भांडी घासल्यासारखं होईल, बाय.
त्यांना कळणार नाय कुठं तोंड करून झोपायचं."

मखमल मंगलदास मार्केटातली, गडद जांभळी,
ब्लाउजपीसच्या भावात घासाघीस करून आणलेली.
पावतीवर मात्र 'प्रयोगशाळा साहित्य'.

दोन काचा. मधे केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढी फट,
फटीत एक थेंब.
पाणी म्हणावं तर त्याला शिस्त,
स्फटिक म्हणावं तर तो वाहतोय.
बाविसाच्या आसपास गोठतो,
पस्तिसावर निवळून साधा होतो,
आणि मधल्या त्या तेरा अंशांत
आमच्या कलिन्याचं जवळजवळ सगळं वर्ष मावतं.

रेणू लांबट असतात.
टोपलीतली मांदेली बघ, अंकल म्हणायचे,
कुणाचं डोकं इकडे, कुणाचं तिकडे,
पण पडलीयत सगळी एकाच रेषेला.
डोकं-शेपूट विचारायचं नाही.
रेष विचारायची.

वरची काच टाचणीने जराशी दाबली
की थेंब सरकतो,
जांभळ्याचा हिरवा होतो, हिरव्याचा विटकरी.
वाहणं वेगळं आणि वळणं वेगळं, असं तिथे नाहीच.
वाहिलात तर वळाल,
वळलात तर शेजाऱ्याला ओढाल,
आणि शेजारी ओढला गेला की तुम्हीही
होता तिथे राहत नाही.

काठाशी, जिथे मखमल पोचलेली नसते,
चार काळे कुंचले
एका ठिपक्यापाशी येऊन मिळतात.
त्या ठिपक्याला विचारा, तुझी दिशा कुठली?
भोवतीच्या प्रत्येकाकडे उत्तर आहे,
त्याच्याकडे नाही.

माझ्या डोक्यावर तसे दोन आहेत.
आई विंचरताना दर वेळी तिथे कंगवा थांबवायची:
"दोन भोवरे. दोन लग्नं करणार कार्टी."
एकही झालं नाही.
दुसऱ्याचं काय घेऊन बसलात.

याला पुस्तकात दोष म्हणतात. पत्रिकेतही म्हणतात.
फक्त इथल्या दोषाला चिन्ह असतं.
दोन्ही ध्रुवक एकदम फिरवले
की अधिकाचे कुंचले सोबत फिरतात,
उण्याचे उलटे.
आणि अधिक-उणे शेजारी आले
तर आधी रेंगाळतात, चहा निवेपर्यंत,
मग शेवटच्या केसभर अंतरात
धावतात.
नंतर नुसता पिवळा, सपाट उजेड.
चूक कुणाची होती हे विचारायला
जागेवर कुणी उरत नाही.

परवा, ऑक्टोबरात, खोलीतला एसी बसला.
दुपारी तीनला सदतीस.
मंचावर अंकलची जुनी काच होती,
कोपऱ्यात त्यांच्या अक्षरात: जी. एम., ऑगस्ट २०१२.
माझ्या डोळ्यांदेखत काळोख पसरत गेला,
किनारीकडून आत,
आणि तेवढा सगळा उजेड
पुसला गेला. दिशाच नाही कुणाला.
मी नोंदवहीत वेळ लिहिली
आणि गळ्यावरचा घाम पुसला.

रात्री साडेनऊला, वॉचमन यादवनी दोनदा दार वाजवल्यावर,
पारा एकतीसवर आला.
आधी रंगाचे थेंब, मग थेंबांचे डाग,
डागांमधून धाग्यांची वेटोळी,
वेटोळी आक्रसत आक्रसत नाहीशी,
आणि सगळे पुन्हा
त्याच रेषेत.
रेणूंना काही आठवत नाही,
पस्तिसाच्या पुढे कुणाला काय आठवणार.
आठवतं ते काचेला.
कोलेकल्याणच्या दफनभूमीत
चार वर्षं झोपलेल्या माणसाचा हात
डावीकडून उजवीकडे गेला होता,
एकदाही मागे न येता.

फक्त खालच्या कोपऱ्यात
रेष तीन अंशांनी ढळलीय.
मोजली. दोनदा मोजली. तीनच.
हात थरथरला असेल,
किंवा दारातून कुणीतरी
चहा आणलाय म्हणून हाक मारली असेल.
बहुधा मीच.