कप्पा-हिरवा

दर गुरुवारी कुरेच्या वृद्धाश्रमात मी बाटल्या मांडते:
हिमस्त्रीचा पांढरा, आत बर्फाची कणी;
कोल्हिणीचा केशरी, उन्हात धरला तर शेपटी हलते;
तेंगूच्या नाकाचा लाल. तो मागतात
बोळक्या तोंडाच्या, हसऱ्या आज्या.

मित्सुए-सान कधीच हात पुढे करत नाहीत.
चाळीस वर्षं कालवं फोडली त्यांनी.
नखंही शिंपल्यांसारखीच, थराथरांची, काठाशी तुटकी.

आज बोट ठेवलं हिरव्यावर.
'हा कोण?'
'कप्पा. नदीतला.'
'माहीत आहे. माझ्या भावाला यानंच नेलं,
असं सांगितलं होतं मला.
काकडी खात होता तो.'

मी बाटली मागे घेऊ लागले.
त्यांनी मनगट धरलं माझं,
आणि बसल्या बसल्या, कमरेतून,
बाटलीपुढे वाकल्या. खोल, रीतसर.
समोरचा वाकला की म्हणे कप्प्यालाही वाकावंच लागतं;
डोक्यावरच्या वाटीतलं पाणी सांडतं,
मग त्याचं काही चालत नाही.

बाटली उभीच.

रंग तळालाच उरला होता.
मी ती हळूच तिरकी केली.

'करंगळीलाच लाव,' त्या म्हणाल्या.
'तेवढीच धरली होती त्यानं.'