मग नको

तपकीर गल्लीत दुकान आहे माझं,
दहा बाय बारा, त्यातही निम्मं खोक्यांचं.
वायफायचे तुकडे, वेबकॅम, केबलींची वेटोळी,
आणि काउंटरवर डेमोचा संगणक,
ज्याचं एक बटण कधीचंच निघून गेलंय.

टिळेकर बाई पहिल्यांदा आल्या वैशाखात.
पर्वतीच्या पायथ्याशी रात्रशाळेत शिकवतात.
तिथे अकरा संगणक, कुठल्याशा बँकेने टाकून दिलेले,
परवान्याला पैसे नाहीत म्हणून लिनक्स घातलेले.
प्रिंटर हवा होता.
मी खोकं पुढे सरकवलं, भाव सांगितला,
शंभर उतरायची तयारीही ठेवली मनात.
त्यांनी भाव विचारलाच नव्हता.
पर्समधून पेनड्राइव्ह काढला,
म्हणाल्या, "यावरून चालवून दाखवा."

चालला नाही.
दिवा लागला, कागद आत ओढला,
आणि अर्ध्यावर तसाच राहिला
जीभ बाहेर टाकून झोपलेल्या कुत्र्यासारखा.
"ड्रायव्हर नाही," आमचा नियाज म्हणाला,
"गाडी आहे बाई, चालवणारा कंपनीने घरी बसवलाय."
"मग नको."
रागावल्या नाहीत. पेनड्राइव्हला टोपण लावलं. गेल्या.

"मग नको" मी हजारदा ऐकलंय.
पण ते भावाला असतं, रंगाला असतं,
समोरच्या दुकानात वीस रुपये कमी, त्याला असतं.
इथे पैसे होते, गरज होती, वस्तू समोर होती,
आणि तरी नको.
रात्री शटर ओढताना ते दोन शब्द
कुलपात अडकल्यासारखे.

मग खडकीचे शहाणे आले, कारखान्यातून निवृत्त,
खिशात पट्टी, आवाजात साहेब.
त्यांच्या वेबकॅमला त्यांचा संगणक दिसत नव्हता.
मग मांजरीची एक पोरगी, वायफायचा तुकडा परत घेऊन,
बिल जपलेलं, खोक्याची झाकणंसुद्धा शाबूत.
"यावर लिहिलंय, सर्व संगणकांसाठी.
माझा सर्वांत येत नाही का, काका?"
चाळीस वर्षं झाली धंद्यात.
पैसे परत केले.

उधारीची वही असते, येण्याची असते, देण्याची असते.
मी त्या दिवशी न विकलेल्याची घातली.
तारीख, वस्तू, मॉडेल, आणि शेवटच्या रकान्यात
"लिनक्सवर नाही, म्हणून नको."
लक्ष्मीपूजनाला चोपड्यांच्या चळतीत तीही ठेवली.
बायको म्हणाली, हिच्यावर कुंकू कशाला?
मी म्हटलं, न आलेली लक्ष्मी आहे, तिचाही मान.

कंपनीचा बाफना आला टार्गेट घेऊन,
चकचकीत बूट, टॅबवर आलेख.
"शेठ, याला मार्केट नाही. दोन टक्के."
"ते तुम्ही विकलेल्यातले," मी म्हटलं,
"न विकलेल्यातले किती, कुणी मोजले?"
वही पुढे ठेवली.
त्रेचाळीस ओळी. माझंच अक्षर,
मध्येच चहाचा एक डाग.
तो हसला. मग वाचत बसला.
मग मोबाइल काढून दोन पानांचा फोटो घेतला.
वर कुणाला दाखवला का, ठाऊक नाही.
त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

श्रावणात नवा माल आला.
खोक्याच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरात,
जिथे कुणी वाचत नाही तिथे एक ओळ:
लिनक्सवर चालेल.
नियाजने टिळेकर बाईंना फोन लावला.
आल्या. ओळ वाचली, मान हलवली,
आणि पर्समधून पेनड्राइव्हच काढला.

कागद आत गेला.
मी श्वास धरलाय हे मला नंतर कळलं.
कागद बाहेर आला, पुरा,
त्यावर अकरावीच्या तुकडीची हजेरी,
काना-मात्रा-वेलांटीसकट, ठसठशीत.
नियाजने टाळी वाजवली. समोरचा दुकानदार डोकावून गेला.

बाईंनी कागद उजेडात धरला,
मग प्रिंटरचं झाकण उचललं,
आतल्या काचेवरून बोट फिरवलं.
"आणि स्कॅनर?"

नियाज माझ्याकडे बघू लागला.
मी गल्ल्याखालची वही ओढली,
पेनाचं टोपण दातांनी काढलं
आणि आकडा टाकला:
चव्वेचाळीस.