सोमवारपर्यंत

किती दिवस लागतील, असं तिनं विचारलं
तेव्हा मी नावेवर चढलोही नव्हतो.
एक हात शिडीला, दुसऱ्यात प्लास्टिकची हातोडी.
थांब, म्हटलं, आधी तिला बोलू दे.

एकेनेसची खाडी अजून गोठलेली,
मार्चचा बर्फ, राखाडी, वर पाणी सुटलेला.
शेडमध्ये सव्वीस फुटी फायबरग्लासची नाव,
चौऱ्याहत्तर सालची, एका युरोला घेतलेली.
त्या एका युरोची पावतीसुद्धा होती तिच्याकडे,
नीट चौघडी घालून:
सागा लिंडरूस, नर्सिंगचं शेवटचं वर्ष.

मी डेकवर ठोकत निघालो, वीत वीत अंतरानं.
टण्. टण्. टण्.
आणि डोलकाठीच्या बुंध्याशी
बद्द.
ऐकलंस?
ऐकलं, ती म्हणाली,
छातीत पाणी झालं की पाठीवर बोटांनी ठोकताना
असंच वाजतं.

यानंतर खडू तिच्याच हातात दिला.
मी ठोकायचो, ती बद्द जागेभोवती रेघ ओढायची.
रेघ रेघेला जाऊन मिळाली,
आणि शेवटी कोरड्या जागाच उरल्या बेटांसारख्या,
आमच्या किनाऱ्याच्या नकाशात असतात तशा,
लहान लहान, एकमेकींपासून लांब.

मग वही काढली.
वरचा थर कापून आतलं बाल्सा खरवडणं,
ओल्या पावासारखं हाताला येणारं: साठ तास.
नवं बसवणं: ऐंशी.
तळाला फोड आलेत. एक फोडून पाहिला, व्हिनेगरचा वास.
ते सुकायला एक उन्हाळा.
उन्हाळ्याचे तास कसे लावायचे, ते मला अजून जमलेलं नाही.
दहा अंशांखाली इपॉक्सी झोपून जातं,
म्हणजे ऑक्टोबर ते एप्रिल वजा.
पी हळद आणि हो गोरी, असं यात काही नसतं.
घासण्याचा आकडा मी नेहमी खोटा सांगतो.
खरा सांगितला तर
या किनाऱ्यावर कुणी जुनी नाव घेणार नाही.

आणि वहीत न येणारे तास:
तळात पडलेला दहाचा पाना शोधण्याचे,
शेवटच्याच बोल्टची मान तुटल्यावर
काही न बोलता बसण्याचे,
कॉफी गार होईपर्यंत
नुसतं बघत उभं राहण्याचे. ते सगळ्यात जास्त.

चारशे लिहिलं.
मनात दोननं गुणलं.
तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गुणाकार मनातच ठेवला.

केबिनच्या छताचं अस्तर सैल झालं होतं,
आतली ओल पाहायला मी ते ओढलं.
धूळ, वाळलेला डिंक, एक मेलेली गांधीलमाशी,
आणि उघड्या फायबरवर पेन्सिलीनं:
सोमवारपर्यंत होईल. वे.

अक्षर ओळखलं मी.
वेर्नर. ही हातोडी ज्यांची, ते.
तारीख नाही, साल नाही.
ते शहाण्णवमध्ये गेले,
म्हणजे त्याच्या आधीचा कुठला तरी सोमवार.
कामाच्या बाबतीत इतके काटेकोर,
की माझ्या वहीतला आकडा न बघताच खोडायचे.

ती वाकून वाचत होती.
कुठला सोमवार? तिनं विचारलं,
आणि मला उत्तर सुचायच्या आत हसू आलं,
तिलाही,
त्या एवढ्याशा केबिनमध्ये, वाकलेल्या मानांनी.

अस्तर मी परत चिकटवलं नाही.
ती शिडीवरून उतरली, हातमोजे चढवले,
सायकलची चेन बघितली.
मंगळवारी माझी ड्यूटी नसते, म्हणाली.
घासायला कागद कुठला आणू?
ऐंशी नंबरचा.
किती लागतील?

सध्या दहा आण, म्हटलं.
मग बघू.