नाईस वेदर

ट्रेनिंगमधे ढवळे म्याडमनं फळ्यावर लिहून देल्लं :
पाहुण्याले वय इचारायचं नाही.
पगार नाही. जात तर नाहीच नाही.
लगन झालं का, लेकरं किती,
घरी कोन कोन असते, हे बी नाही.
मंग बोलावं काय जी, मी म्हटलं.
हवा, त्या म्हणाल्या. हवेवर बोला.

तीन वाक्यं पाठ केली,
भात वेळता वेळता.
नवरा हासे, गंजाले काहून गुड मॉर्निंग म्हणतं?

मे महिना. जिप्सीत एकटीच बाई, पांढरे केस,
बाजूची सीट रिकामी,
पैसे मात्र दोघांचे भरलेले.
गुड मॉर्निंग, म्हटलं. वेलकम.
वाघ काही निघाला नाही.
पाणवठ्यावर एक सांबर, अंगाले चिखल फासलेलं,
आन नऊ वाजताच झाव.

तवा ती बोलली. बराच वेळ,
पान्याकडं पाहत.
मले त्यातलं हजबंड तेवढं समजलं,
आन माझ्यापाशी वाक्य उरलं होतं एकच.
नाईस वेदर, मी म्हटलं.
ती पाहत राह्यली. मंग म्हणे,
येस. व्हेरी नाईस.

मंगरू ड्रायव्हरनं मागून सांगतलं :
मालक फेब्रुवारीत गेला तिचा.
बुकिंग आधीचं होतं.

घरी कोन कोन असते.
एवढंच तर इचारायचं होतं.

गेटपाशी खिशातली टेंभरं काढून देल्ली.
व्हॉट इज?
टेंभरं.
टेम्बरं, ती म्हणाली,
आन बिया कुठं थुकू,
हे हातानंच इचारलं.