वाण लागला

डिसेंबर. कॅस्केडचा पश्चिम उतार.
बर्फ पडतं, टिकत नाही.
सिग्नेबाईंच्या सापळ्यात ससा:
पंजे हिमसशाचेच, फताडे,
अंगावर मात्र ओल्या सालीचा तपकिरी.

शिखरापलीकडचे त्याचे भाऊबंद
कधीचे पांढरे झालेत.

कानाचा कणभर तुकडा कुपीत,
चिठ्ठीवर तारीख, आणि "तपकिरी. पुन्हा."
दार उघडलं, दोन उड्यांत
ससा चिखलाएवढा झाला.

उत्तर मार्चमध्ये आलं.
रंगाचा तेवढा धागा या कुळातला नव्हे;
खालच्या माळावरच्या काळ्या शेपटीवाल्याचा,
हजारो हिवाळ्यांमागे
एखाद्या चुकल्या रात्री शिरलेला.
पाहुण्याचं बाकी सगळं,
ते लांब कान, ती माळावरची धाव,
पिढ्यांमागून पिढ्यांत विरघळलं.
गुण नाही लागला,
वाण लागला.
आणि तो टिकला, कारण
उघड्या मातीवरचे पांढरे
घुबडांनी एकेक करून वेचले.

सिग्नेबाई कागद खिशात कोंबतात.
वरच्या रानातही यंदा बर्फ उशिरा.
तिथे एक पांढरा ससा
काळ्या दगडाशेजारी निवांत बसलाय,
आपण दिसत नाही अशा समजुतीत.

त्या सापळा उचलतात,
दोनशे फूट वर नेऊन लावतात.