यू म्हणजे काय

सावद्याच्या बाजारपेठेत माझं काटेदुरुस्तीचं दुकान.
केळीवाल्यांचे लोखंडी काटे, सोनाराचा ताजवा,
भंगारवाल्याचा लटकता स्प्रिंगकाटा,
सगळे कधी ना कधी माझ्या टेबलावर उताणे झालेत.
माझ्यावर कुणाचा छदाम नाही.
हे मी तोऱ्यात नाही सांगत,
वहीत बघून सांगतो.

तरी फाल्गुनात बँकेतल्या पोरीनं स्क्रीन माझ्याकडे वळवली:
पाचशे एकाहत्तर.
मी म्हटलं, किलो की ग्रॅम?
ती हसली नाही.

धुळ्यातून घेतलेली मोटारसायकल,
अठरा हप्ते थकलेले,
कर्जदार: हिरामण यू. बोरोले.
धुळ्याला मी एकदाच गेलोय,
साडूच्या पोराच्या हळदीला,
तेही एसटीनं, वरणबट्टी खाऊन रात्रीच परत.

मग फोन.
जेवताना, काटा शून्यावर आणताना,
एकदा तर चुलतभावाच्या तिरडीमागे चालताना.
"सर, भरताय की माणसं पाठवू?"
माणसंही आली, दोघं, एकाच गाडीवर.
शेजारच्या सायकलवाल्याला विचारून गेली
बोरोले राहतात की पळाले.
त्या दिवसापासून सायकलवाला
माझ्याशी बोलताना ट्यूबकडे बघतो.

नऊ हजारात मिटवू म्हणाले, आजच्या आज.
मेव्हणा म्हणाला, देऊन टाका, डोक्याला शांती.
बायको भाकरी थापता थापता आतूनच बोलली,
"घेतलंच नही तं द्यायचं कशाले?"

मी लिहिलं. रजिस्टर पत्र, पोचपावतीसह.
कर्जाचा कागद दाखवा. त्यावरची सही दाखवा.
खाली माझी सही, नमुना म्हणून आणखी एकदा.
तीस दिवसांनी उत्तर:
तपासणी पूर्ण, माहिती बरोबर आहे.
कुणी तपासली?
ज्यानं लिहिली त्यानंच.
आमच्या धंद्यात असं चालत नाही बाबा,
व्यापाऱ्याच्या घरच्या वजनानं
व्यापाऱ्याचा काटा पास होत नसतो.

दुसऱ्या पत्राला कागद आला, काळपट झेरॉक्स.
कोवळी दाढी, गॉगल शर्टाला अडकवलेला,
हिरामण उत्तम बोरोले.
पोरगं वाईट दिसत नव्हतं.
कुठं असेल गाडी घेऊन, कुणास ठाऊक.

आता तक्रारीचा फॉर्म, मोबाइलवर.
'कारण लिहा', चौकट दोनशे अक्षरांची.
मी लिहायला घेतलं:
माझा यू म्हणजे उत्तम नव्हे, उखर्डू.
आधीची तीन गेली म्हणून आजीनं
चौथ्याला उकिरड्यावर ठेवलं, सुईणीनं

इथं चौकट संपली.

उरलेलं मी वहीचं पान फाडून लिहिलं, पोस्टानं धाडलं:
सुईणीनं उचललं,
आणि पायलीभर ज्वारी मोजून आजीनं
स्वतःचंच पोर परत विकत घेतलं.
यमाच्या वहीत ते कचरा म्हणून लागावं,
आपलं म्हणून नाही.
यम फसला. बाप एक्क्याऐंशी वर्षं जगला.
आणि तुम्ही त्याचं एक अक्षर ठेवून
बाकीचा पुन्हा उकिरड्यावर टाकलात.
ज्वारी रोख होती, उधार नव्हती,
हेही नोंदवून घ्यावे.
कळावे.

आषाढात ती ओळ गेली.
आकडा वर आला, पण कुंथत.
बँकेतली पोरगी म्हणाली, साहेबांना विचारून सांगते.
अजून विचारतेय.

आणि गेल्या गुरुवारी पुन्हा फोन.
नवी कंपनी, नवा आवाज, गाडी तीच.
"हिरामण यू. बोरोले बोलताय?"
मी पाना खाली ठेवला.
म्हटलं, ताई, आधी एक सांगा,
यू म्हणजे काय?

पलीकडे पंख्याचा आवाज, मग कुणाला तरी विचारल्याचा.
मी थांबलो.
समोर सोनाराचं पारडं अजून हलत होतं,
ते थांबेपर्यंत मला तसंही काम नव्हतं.